आयएनएस पनवेल, १९७१: एवढ्याशा पेट्रोल बोटीनं खुलनापर्यंत जाऊन केलं तरी काय?

प्रश्न असा विचारलाय की पनवेल नावाची नेव्हीची बोट ७१ च्या युद्धात लढली होती हे खरं का, आणि असेल तर तीस मीटरची पेट्रोल बोट शत्रूच्या नेव्हल बेसवर जाऊन काय दिवे लावणार, शिवाय आपल्याच विमानांनी आपल्याच बोटी बुडवल्या म्हणतात ते नक्की काय प्रकरण आहे. पाकिस्तानच्या छोट्या बोटींचं काय झालं हेही विचारलंय.

खरं आहे, पनवेल लढली हेही आणि आपल्या विमानांनी आपल्या बोटी बुडवल्या हेही. मी नेव्हीत ७१ नंतर भरती झालो त्यामुळे खुलनाला (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) मी नव्हतो हे आधीच सांगून टाकतो, पण माझी बरीचशी नोकरी अशाच छोट्या पेट्रोल बोटींवर, खाडीत आणि उथळ पाण्यात गेली, तेव्हा त्या नदीत त्या बोटीला काय झेपलं असेल आणि काय नसेल याचा अंदाज मला पुस्तकं वाचणाऱ्यापेक्षा जरा जास्त येतो एवढंच.

आधी बोट बघू. ६० च्या दशकाच्या शेवटी आपण रशियाकडून पोलुचॅट वर्गातल्या पाच बोटी घेतल्या, पनवेल, पणजी, पांबन, पुलिकत आणि पुरी. हे डिझाईन मुळात लढाईसाठीचं नव्हतंच, सरावात सोडलेले टॉर्पेडो समुद्रातून शोधून परत उचलून आणायचे यासाठी रशियन लोकांनी ते केलं आणि मग त्यातच थोडा बदल करून पेट्रोलिंगचं व्हर्जन काढलं. लांबी तीस मीटरच्या आत, वजन नव्वद-शंभर टन, पाण्याखाली दोनेक मीटर, दोन डिझेल इंजिनं, कागदावर वीस नॉटचा स्पीड. या वर्गाचं मूळ हत्यार म्हणजे १४.५ मिलिमीटरची दोन नळ्यांची गन, बस. चिलखत वगैरे काही नाही, रायफलची गोळीसुद्धा बाजूच्या पत्र्यातून आत येते. म्हणजे ही बोट शत्रूच्या मोठ्या जहाजासमोर उभी करायची चीजच नाही, हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण तिथं मोठं जहाज येऊच शकत नव्हतं ना, खरी मेख तीच आहे.

आता थोडं मागे जाऊ. २५ मार्च ७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी आर्मीनं बंगाल्यांचं जे हत्याकांड सुरू केलं त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात एक मोठी घटना घडली. तिथं पाकिस्तानची मांग्रो नावाची पाणबुडी होती, तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक पळाले आणि स्पेनमार्गे भारतात आले. या आठ जणांभोवती नंतर बंगाली नेव्हल कमांडो उभे राहिले, प्रशिक्षण झालं प्लासीला भागीरथीच्या काठी, हो तीच क्लाइव्हवाली प्लासी. पोरं बहुतेक विशी-पंचविशीची, कॉलेजातली, शेतकऱ्यांची, पोहण्यात मात्र वाघ, छातीला लिंपेट माइन (जहाजाच्या बुडाला चिकटवायचा सुरुंग) बांधून नदीतून मैलोन्‌मैल जायची. १५-१६ ऑगस्टच्या रात्री त्यांनी चित्तगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज अशा चार बंदरांत एकाच वेळी जहाजं उडवली, आणि पाणी पाकिस्तानच्या हातात राहिलेलं नाही हे त्या एका रात्रीत जगाला कळलं.

या सगळ्या कामात नेव्हीकडून जे अधिकारी होते त्यातले एक म्हणजे कमांडर मोहन नारायणराव सामंत. आपले मराठी. हा माणूस मूळचा पाणबुडीवाला, ६९ साली करंज ही पाणबुडी नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कॅप्टन हेच. पाणबुडीवाल्याला उथळ पाण्याचं जन्मजात वावडं असतं, पायाखाली पाणी कमी झालं की त्याला घाम फुटतो, आणि नेव्हीनं नेमका असा माणूस उचलून सुंदरबनच्या चिखलात नेऊन ठेवला! मला विचाराल तर निवड अगदी बरोबर होती, कारण शांत राहून लपतछपत आत घुसायचं आणि काम करून निघायचं हे पाणबुडीवाल्यांच्या अंगात मुरलेलं असतं, नुसता गनरीवाला (तोफांचा) माणूस तिथं दिसेल त्यावर फायर करत सुटला असता. (गनरीवाल्या मित्रांनी माफ करावं.)

सप्टेंबर-ऑक्टोबरात कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटी मुक्तिवाहिनीला (बांगलादेशसाठी लढणाऱ्या बंगाल्यांची फौज) दिल्या गेल्या, त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या, सुरुंग वाहायची सोय केली आणि नावं ठेवली पद्मा आणि पलाश. अधिकारी भारतीय नेव्हीचे, खलाशी बहुतेक पाकिस्तानी नेव्हीतून फुटून आलेले बंगाली. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे युद्ध जाहीर व्हायच्या तीन आठवडे आधीच, या बोटींनी मोंगलाकडे जाणाऱ्या पशूर नदीच्या तोंडाशी सुरुंग पेरले आणि सिटी ऑफ सेंट अल्बन्स नावाचं ब्रिटिश व्यापारी जहाज गोळीबार करून मागे फिरवलं. त्यामुळे डिसेंबर उजाडला तेव्हा या दोघींना त्या पाण्याची ओळख झालेली होती, पनवेल तुलनेनं नवीन.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि मग या तिघींचा एक छोटा ताफा बनवला, नाव फोर्स अल्फा. सामंत पनवेलवर चढले, पनवेलचे कॅप्टन होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा. सोबत बीएसएफची चित्रांगदा नावाची एक बोट नंतर येऊन मिळाली. काम काय तर पश्चिम बंगालच्या बाजूनं निघायचं, सुंदरबनातून पशूर नदीत शिरायचं, मोंगला घ्यायचं आणि पुढे खुलना, जिथं पाकिस्तानी नेव्हीचा तितुमीर नावाचा बेस होता.

आता नकाशा काढून बघा म्हणजे कळेल. मोंगला समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे आणि खुलना त्याच्याही वर चाळीसेक किलोमीटर. सगळीकडे खारफुटी, खाड्यांचं जाळं, एक खाडी दुसरीसारखीच दिसते, किनाऱ्यावर ओळखीची खूण म्हणून डोंगर नाही, देऊळ नाही, काही म्हणजे काही नाही. आपल्या कोकणात कसं, रात्रीसुद्धा मागचा डोंगर दिसतो, त्यावरून तांडेल बोट आत घेतो. तिथं सपाट काळी रेघ. युद्ध असल्यामुळे दिवे बंद, बॉय (वाट दाखवणारे तरंगते पिंप) कुठे जाग्यावर आहेत कुठे नाहीत, चार्ट जुने, आणि सुंदरबनात वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात त्यामुळे जुना चार्ट बघून गेलात तर फसलातच. वर आपणच महिन्याभरापूर्वी पेरलेले सुरुंग त्याच नदीत पडलेले!

मी एक गोष्ट मुद्दाम पंचांगात बघितली. दत्तजयंती त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला होऊन गेली होती, म्हणजे ९-१० तारखेला मार्गशीर्ष वद्य अष्टमीच्या आसपास. कोळी माणसाला पुढचं सांगायला नको, अष्टमी म्हणजे भांग, पाण्याची चढउतार कमी, ओढही त्या मानानं कमी. आणि चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास, तोपर्यंत मिट्ट काळोख. छोट्या बोटीनं चोरून वर जायला याच्यापेक्षा बरी रात्र सांगून मिळाली नसती. मात्र भांगाची दुसरी बाजू पण आहे, रुतलात तर उधाणासारखी मोठी भरती येऊन तुम्हाला उचलणार नाही, चिखलात बसून राहाल आणि सकाळी काठावरचा कोणीही साधी मशीनगन घेऊन तुमचा निकाल लावेल. तारीख हे सगळं बघून ठरवली होती का हे माहीत नसलं तरी त्या रात्री ब्रिजवर (जिथून बोट चालवतात तिथं) उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे गणित चालू असणार यात मला शंका नाही.

अशा पाण्यात वीस नॉटचा स्पीड शोभेचा. उथळ पाण्यात जोरात गेलं की बोटीची मागची बाजू खाली बसते, ड्राफ्ट (पाण्याखालचा भाग) वाढतो आणि तळ घासतो, शिवाय मागे उठणारी लाट दोन्ही काठांवर जाऊन आपटते आणि तो आवाज रात्री लांबवर ऐकू जातो. म्हणून हळू जायचं, वळणावर बाहेरच्या काठाला धरून राहायचं कारण खोल पाणी तिकडेच असतं, आणि दोन खाड्या मिळतात तिथं मध्यभागी कधीच जायचं नाही कारण गाळ तिथंच साठतो. इको साउंडर असतो, पण तो बोटीखालचं पाणी दाखवतो, पुढचं नाही. पुढचं पाणी बघायचं ते पाण्याच्या अंगावरच्या सुरकुत्यांवरून, आणि ते काळोखात दिसत नाही.

आणि लोकं विसरतात ती गोष्ट म्हणजे इंजिन रूम. डिझेलला थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढतात, त्या पाइपवर एक जाळीची टोपली असते, स्ट्रेनर. खाडीच्या पाण्यात ही टोपली गाळानं, पानांनी, कुजक्या काड्यांनी भरते आणि इंजिनाचा काटा चढायला लागतो. मग एक इंजिन बंद करून वॉल्व्ह मिटवायचा, झाकण खोलायचं, हातानं तो काळा लगदा उपसायचा, परत बसवायचं, आणि हे सगळं पन्नास डिग्रीच्या उकाड्यात, डेकखाली, वर काय चाललंय ते न कळता. ब्रिजवरचा ओरडत असतो दोन्ही इंजिनं दे म्हणून. मी हे शांततेच्या काळात केलंय आणि तरी नको झालेलं असायचं. फायरिंग चालू असताना तिथं खाली उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला जास्त आदर का आहे ते पुढे येईलच.

असो. ९ तारखेच्या रात्री ताफा वाटेवरच्या अक्रम पॉइंट नावाच्या जागेपाशी आला आणि १० डिसेंबरला सकाळी साडेसातच्या आसपास मोंगलासमोर उभा राहिला. तिथं फारशी झुंज झालीच नाही. शौर्यपदकाच्या मानपत्रात भाषा जरा चढी असते, शत्रूची दाणादाण वगैरे, पण समुद्राकडून या वाटेनं बोटी येतील हे तिथल्या लोकांच्या स्वप्नातही नव्हतं आणि विक्रांतच्या विमानांनी आधीच त्या भागात बॉम्ब टाकून बंदराचं कंबरडं मोडलेलं होतं, हे जास्त खरं. चित्रांगदा मागे राहिली आणि पनवेल पुढे, मागे पद्मा आणि पलाश अशा तिघी खुलनाकडे निघाल्या, आता भर दिवसा.

दुपारी बाराच्या सुमारास खुलना शिपयार्ड दिसायला लागलं तेव्हा वर तीन विमानं दिसली. नॅट, म्हणजे आपल्या एअरफोर्सची छोटी लढाऊ विमानं. पाकिस्तानची विमानं तोपर्यंत पूर्वेकडे उडतच नव्हती, ढाक्याची धावपट्टी पहिल्या आठवड्यातच उखडली होती, त्यामुळे आकाशात जे काही उडतंय ते आपलंच हे बोटीवर सगळ्यांना माहीत होतं. मुक्तिवाहिनीच्या पोरांनी फायर करायची परवानगी मागितली, सामंतांनी नाही म्हटलं, आपली आहेत, करू नका. बोटींच्या वरच्या बाजूला ओळखीसाठी पिवळी खूणही केलेली होती, एअरफोर्सला तसं कळवलेलंही होतं. विमानं लांब गेली, वळली आणि खाली येऊन त्यांनी मारायला सुरुवात केली. पद्माच्या इंजिन रूमवर घाव बसला, मग पलाश. दोन्ही गेल्या.

आता हे कसं झालं. नुसतं एअरफोर्सला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे पण मी तसं करणार नाही. नॅट चारशे नॉटनं येतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला दोनशे मीटर. पायलटला नदीवर तीन छोट्या बोटी दिसतात, शत्रूच्या नेव्हल बेससमोर, आणि त्या भागात पाकिस्तानी गनबोटी होत्या हे त्याला सांगितलेलं असणार, त्या गनबोटींवर पण ४० मिलिमीटरच्याच तोफा, आकार पण साधारण तोच. पिवळी खूण बोटीच्या माथ्यावर, ती दिसते डोक्यावरून उडताना, पण हल्ला करणारं विमान तिरकं खाली येतं आणि तेव्हा त्याला बोटीची बाजू दिसते, माथा नाही. बोट आणि विमान यांच्यात थेट बोलायची सोय असती तर एका वाक्यात सुटलं असतं. तशी ती नसली की निरोप बोटीवरून कमांडला, कमांडकडून एअरफोर्सला, तिथून बेसला आणि शेवटी कॉकपिटमध्ये, यातल्या एका जरी माणसाकडे कागद उशिरा पोचला तर खलास. माझ्या मते चूक त्या पायलटांपेक्षा त्या साखळीची जास्त आहे, आणि किती दिवसांत ताफा कुठवर वर जाईल हे कोणालाच नीट माहीत नव्हतं ही अडचण वेगळीच. आमच्या वेळीसुद्धा छोट्या बोटीवर विमानाचा आवाज आला की पहिला प्रश्न शत्रूचं आहे का हा नसायचा, आपण कोण आहोत हे त्याला माहितीय का हा असायचा.

मग पनवेलनं काय केलं? तर ती पळाली नाही. दोन बोटी जळतायत, माणसं पाण्यात, काठावरच्या खंदकांतून पाकिस्तानी सैनिक आणि रझाकार (पाकिस्तानी आर्मीला साथ देणारे तिथलेच लोक) पाण्यातल्या माणसांवर गोळ्या झाडतायत, आणि हिच्या अंगाला धड पत्रा नाही. नोरोन्हांनी त्या अरुंद पात्रात बोट फिरवत काठावर फायर चालू ठेवला आणि पाण्यातल्या जितक्यांना उचलता आलं तितक्यांना उचललं. नदीत माणूस उचलायचा म्हणजे बोट जवळजवळ उभी करावी लागते, उभी बोट म्हणजे काठावरच्याला सोपं टार्गेट, आणि ओढ असली की बोट जागेवर राहतही नाही, सारखी दोन्ही इंजिनं पुढे-मागे करत धरून ठेवावी लागते. मला विचारलंत तर पनवेलचं युद्धातलं सगळ्यात मोठं काम हे. शिपयार्डवर किती गोळे पडले ते मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही.

आता ती इंजिन रूमची गोष्ट. पलाशवर इंजिन रूम आर्टिफिसर (इंजिनाचे मेकॅनिक) होते मोहम्मद रुहुल अमीन, नोआखालीचे, पाकिस्तानी नेव्हीतून आलेले. बोट सोडायची ऑर्डर झाली तरी ते खाली इंजिन वाचवायच्या मागे लागले. आगीनं भाजले, शेवटी नदीत उडी टाकून काठाला लागले आणि तिथं रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशचा सर्वोच्च शौर्य सन्मान वीरश्रेष्ठ फक्त सात जणांना आहे, नेव्हीचे त्यात हे एकटे. रूपसा नदीच्या काठावर त्यांची कबर आहे आणि शेजारीच पद्मावरच्या मोहिबुल्लाह यांची, त्यांना वीरविक्रम हा शौर्य सन्मान आहे. आपल्याकडे या गोष्टीत सामंत आणि नोरोन्हा तेवढे सांगतात आणि ही नावं गळतात, ते मला खटकतं, कारण मेलेले बहुतेक बंगाली होते.

आपल्याकडून तिघांना महावीर चक्र मिळालं, सामंत, नोरोन्हा आणि लीडिंग सीमन चिमण सिंग. चिमण सिंग मुक्तिवाहिनीच्या बोटीवर होते, बोट बुडाल्यावर जखमी अवस्थेत पाण्यातल्या बाकीच्यांना सावरलं, काठावरच्या शत्रूच्या अंगावर जाऊन त्याला गुंतवून ठेवलं म्हणून इतर निसटले, स्वतः पकडले गेले आणि युद्ध संपल्यावर सुटले. ७१ च्या युद्धात नेव्हीला एकूण आठ महावीर चक्रं आहेत, त्यातली तीन या चिखलातल्या चिमुकल्या ताफ्याची! सामंत पुढे बांगलादेशची नवी नेव्ही उभी करायला पहिले काही महिने तिकडेच राहिले, २०१९ मध्ये मुंबईत वारले.

खुलना पनवेलनं घेतलं का? नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर थांबवा त्याला. जसोर ७ तारखेला पडलं, तिथून पाकिस्तानची १०७ ब्रिगेड मागे सरकत खुलनाच्या अलीकडे शिरोमणी या गावी दबा धरून बसली आणि ब्रिगेडियर हयात यांनी चिवट झुंज दिली, ढाक्याला १६ ला सह्या झाल्या तरी खुलनाची शरणागती १७ ला झाली. ते काम आर्मीच्या ९ डिव्हिजनचं. बोटींनी केलं ते एवढंच की खालचं बंदर हातात आलं, नदीची बाहेर जायची वाट बंद झाली आणि मागून पाण्यानं कोणी येऊ शकतं ही धास्ती बसली. दोन बोटींच्या बदल्यात हे महाग पडलं की स्वस्त, यावर माझ्याच बॅचमध्ये दोन तट आहेत. मी म्हणतो मोंगला घेऊन तिथं थांबले असते तरी चाललं असतं, पण सकाळी एवढं सोपं यश मिळाल्यावर पुढे न जाणारा कॅप्टन मला दाखवा.

राहिला प्रश्न पाकिस्तानच्या छोट्या बोटींचा, तोही विचारलाय. पूर्वेकडे त्यांच्या चार गनबोटी होत्या, कोमिला, राजशाही, सिल्हेट आणि जसोर, इंग्लंडमध्ये बांधलेल्या, पनवेलपेक्षा किंचित मोठ्या. त्यातली राजशाही तेवढी निसटली. तिचा कॅप्टन लेफ्टनंट कमांडर शिकदर हयात यानं मार खाल्लेली बोट आपल्या नाकाबंदीतून बाहेर काढली आणि थेट मलेशियाला नेली, अख्खा बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्र ओलांडून, एवढ्याशा बोटीनं. डिझेल कसं पुरवलं असेल याचाच मी विचार करतो. शत्रूचा असला तरी दर्यावर्दी म्हणून त्याला मानावंच लागतं, आणि आपली नाकाबंदी चुकवून गेला म्हणून त्या वेळच्या पूर्व ताफ्यातल्या कोणाला विचाराल तर अजूनही तोंड वाकडं करतात.